वळकटी, फराळ आणि पळायचे बूट

आमच्या लहानपणी सुट्टीचं सामान म्हणजे एक होल्डॉल, एक पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. बस्स. ज्यांनी होल्डॉल बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते : जाड कॅनव्हासची लांबलचक पिशवी, तिच्यात गादी-उशी-चादर घालायची, वरच्या खणात सटरफटर कपडे कोंबायचे, आणि मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने तिच्यावर गुडघा रोवून चामड्याचे पट्टे आवळायचे. आमच्याकडे ते काम अप्पांचं. पट्टा आवळताना ते श्वास रोखून धरत आणि बक्कल लागलं की "हां!" म्हणत. तो "हां" ऐकला की आम्हाला सुट्टी लागल्यासारखं वाटायचं.

होल्डॉल का न्यावा लागायचा, याचं उत्तर रेल्वेच्या लाकडी बाकांत आहे. थर्ड क्लास १९७४ साली कागदोपत्री बंद झाला, पण लाकडी फळ्या तशाच राहिल्या. पुढे १९७७ ला मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात फोमच्या गाद्या बसवायला सुरुवात केली. इतिहासाच्या पुस्तकात दंडवते समाजवादी नेते म्हणून येतात, कोकण रेल्वेच्या संदर्भात येतात. माझ्या लेखी मात्र मराठी घरातली वळकटी त्यांनी संपवली! दोन इंच फोमने जे केलं ते भल्या भल्या क्रांत्यांना जमलं नसतं. असो.

तर सांगायचा मुद्दा असा की त्या सगळ्या सामानात पादत्राणं नसत. जी पायात असतील तीच. चपलेचा दुसरा जोड बरोबर न्यायचा ही कल्पनाच नव्हती. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, शनिवारच्या पीटीसाठी खडूने पांढरे केलेले, पण ते सुट्टी लागली की माळ्यावर जात. सुट्टीत पळायला म्हणून वेगळे बूट न्यायचे, हे कोणी सांगितलं असतं तर आईने माझी दृष्ट काढली असती.

आता दर दिवाळीला मी पुण्याहून भडगावला माहेरी जाते तेव्हा बॅगेत सगळ्यात आधी बूट जातात. आत मोजे कोंबलेले, वरून वर्तमानपत्र, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर अजून एक पिशवी. इतका बंदोबस्त कारण त्याच बॅगेत पुण्याची बाकरवडी असते आणि आईला वास लागतो. "फराळासोबत पायतान?" हा प्रश्न मला गेली सहा वर्षं दर दिवाळीला विचारला जातो. उत्तर नसतंच. आता मी दोन बॅगा नेते. एका बॅगेत मी आणि फराळ, दुसऱ्या बॅगेत बूट.

हे सगळं आवरताना मला दरवेळी १९२० सालची एक बोट आठवते.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे (स्थापना १९०६) अध्यक्ष त्या वेळी सर दोराबजी टाटा होते. त्यांनी १९१९ च्या सुमारास तिथल्या शर्यती पाहिल्या. पळणारी बरीचशी पोरं शेतकऱ्यांची, रानात काम करणारी, साधं खाऊन राहणारी. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध सराव हा शब्दही नाही, आणि पायात काही नाही. तरीसुद्धा त्यांच्या वेळा दोराबजींना परदेशातल्या वेळांच्या तोडीच्या वाटल्या. ही हकिगत त्यांनी स्वतः पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवली होती. मग त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांशी बोलून घेतलं, पैशांची जमवाजमव केली, बराचसा भार स्वतः उचलला, आणि चार धावपटू व दोन पैलवान बेल्जियममधल्या अँटवर्पला निघाले. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कैकाडी होते, बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. पैलवान नवले आणि शिंदे.

या तयारीविषयी एक किस्सा सांगतात. निवडीच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, शंभर मीटरला साधारण किती वेळ लागायला हवा? उत्तर आलं, लागतील एक-दोन मिनिटं. हिशोब सेकंदांत आणि सेकंदाच्या भागांत असतो हे कळल्यावर म्हणे मंडळी थक्कच झाली. किस्सा थोडा मीठ-मसाला लावलेला असू शकतो, पण मला तो आवडतो. कारण त्यात कोणी मूर्ख नाहीये. ज्या गावात घड्याळ फक्त मामलेदार कचेरीत आणि स्टेशनवर असतं, तिथे सेकंद कोणाला हवा?

मंडळी जूनमध्ये मुंबईहून बोटीने निघाली, आधी इंग्लंडमध्ये थांबून काही आठवडे सराव केला, मग अँटवर्प. या माणसांच्या ट्रंकेत काय असेल याचा मी पुष्कळ विचार करते. गरम कपडे? मुंबईच्या जूनमध्ये घेतलेले गरम कपडे कसे असतील? मॅरेथॉन झाली २२ ऑगस्ट १९२० ला, थंड हवेत, रिमझिम पावसात. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्धा किलोमीटर जास्त. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन ना आधी झाली ना नंतर. फिनलंडचे हान्नेस कोलेमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. आपले चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

एकोणिसावे! बोटीचा प्रवास, परका देश, परकं अन्न, आणि अनवाणी पोरांमधून निवडलेला माणूस. आपण या माणसाचं नाव शाळेत का शिकलो नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

अनवाणी धावण्याबद्दल एक प्रकारचं कौतुक आपल्याकडे (आणि सगळीकडेच) आहे. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० ला रोममध्ये अनवाणी धावून सुवर्णपदक घेऊन गेले, कारण तिथे मिळालेले बूट त्यांना नीट बसेनात. चार वर्षांनी टोकियोला ते बूट घालून धावले आणि पुन्हा जिंकले. ही दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, कारण तिच्यात गंमत कमी. आपले शिवनाथ सिंग पायांना नुसती चिकटपट्टी गुंडाळून धावत, १९७६ ला माँट्रियलच्या मॅरेथॉनमध्ये अकरावे आले, आणि त्यांनी १९७८ ला जालंधरला केलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम दशकानुदशकं टिकला. नाशिककडच्या कविता राऊतांचीही सुरुवात अनवाणीच झाली. पुढे २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं.

हे सगळं वाचून माझा एक पुण्याचा मित्र मला म्हणाला, "तू तर गावाकडची, अनवाणी पळून बघ की. मातीशी नातं वगैरे."

मातीशी नातं! आता थोडं अप्पांबद्दल सांगायला हवं.

भडगाव गिरणेच्या काठी. जमीन काळी, कापसाची. या जमिनीचे तीन ऋतू म्हणजे पायाचे तीन शत्रू. पावसाळ्यात चिखल, जो एका पायाला किलोकिलोने चिकटतो. उन्हाळ्यात भेगा, ज्यांच्यात घोटा अडकतो. आणि दिवाळीपासून पुढे सराटे. सराटा म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचं काटेरी फळ, कसंही पडलं तरी एक काटा वर असतो. सायकलची ट्यूब पंक्चर करतो, चपलेचा रबरी तळ भेदतो. लहानपणी सराटा टोचला की आम्ही किंचाळायचो, लंगडत बांधावर बसायचो आणि काढून टाकायचो. किंचाळणं महत्त्वाचं. कारण ज्याला साखरेचा जुना आजार आहे त्याच्या पायाला सराटा टोचलेला कळत नाही.

अप्पांना कळला नाही. ते नेहमीसारखे शेतात अनवाणी फिरून आले, पाय धुतले, जेवले, झोपले. चार-पाच दिवसांनी वहिनीने त्यांच्या धोतराच्या काठाला डाग बघितला. पुढचं सविस्तर सांगत नाही. आधी एक बोट गेलं, मग पुढचं पाऊल गेलं, आणि तीन वर्षांनी अप्पा गेले. होल्डॉलचा पट्टा आवळणारा गुडघा त्यांचा शेवटपर्यंत शाबूत होता, एवढंच.

मला साखर निघाली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी चालता चालता पळायला लागले, का ते मलाही नीट माहीत नाही. पण बूट घालून. घालण्याआधी आत हात घालून चाचपून बघते, खडा आहे का, मोज्याची घडी पडलीय का. भडगावला तर उलटे करून आपटतेसुद्धा, कारण तिथे विंचू असतो. परत आल्यावर तळपाय आरशात बघते. त्यामुळे माझ्या सामानात एक छोटा हात-आरसाही असतो, आणि घरच्यांना वाटतं ही म्हातारपणी नटायला लागली. अनवाणी पायांचं कौतुक मी मनापासून करते, पण ते ज्यांच्या पायांना काटा कळतो त्यांच्यासाठी.

बुटांनंतर कपडे. इथे खरी पंचाईत आहे.

पुण्यात सकाळी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून पळणाऱ्या बायकांकडे आता कोणी बघत नाही. भडगावला बघतात. वाईट नजरेने असं नाही, पण बघतात, आणि मग आईला सांगतात. म्हणून माझ्या माहेरच्या सामानात एक जुना गुडघ्यापर्यंतचा सुती कुडता असतो आणि एक ओढणी. ओढणी पळताना गळ्यात ठेवली तर फास बसतो. खांद्यावर टाकली तर उडते. शेवटी मी ती कापूस वेचणाऱ्या बायकांसारखी डोक्याला आणि मानेला गुंडाळून दोन सेफ्टी पिनांनी पक्की करते. धूळही लागत नाही, थंडीही नाही, आणि दुरून मी मजुरीला निघालेली वाटते. एकदा तर एका ट्रॅक्टरवाल्याने "चाल मावशी, बठ" म्हणून थांबवलं होतं!

या बाबतीत माझी आवडती बाई म्हणजे अमेरिकेतली बॉबी गिब. १९६६ साली तिने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागवला, तर उत्तर आलं की बायकांच्या शरीराला इतकं अंतर झेपत नाही. ती तेव्हा कॅलिफोर्नियात राहत होती. तिने बस पकडली आणि तीन-चार दिवस बसून प्रवास करून माहेरी, बोस्टनजवळ, आली. वडिलांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. आईने गाडी काढून तिला शर्यत सुरू होते तिथवर सोडलं. अंगात पोहण्याचा पोषाख, वर भावाची अर्धी विजार आणि टोपीवाला स्वेटशर्ट, पायात मुलांच्या मापाचे बूट. बायकांसाठी पळायचे बूट कोणी करतच नव्हतं, आधी ती नर्सच्या बुटांनी पळायची. झुडपांमागे लपून राहिली, शर्यत सुरू झाल्यावर गर्दीत मिसळली, आणि ३ तास २१ मिनिटांत पोचली. दोन तृतीयांश पुरुष तिच्या मागे होते.

त्याच्याही आधी, १९६४ च्या उन्हाळ्यात, ती कुत्र्याचं पिल्लू घेऊन एका व्हॅनमधून देशभर हिंडली होती. रोज नव्या ठिकाणी मुक्काम, रोज नव्या ठिकाणी पळायचं, रात्री उघड्यावर झोपायचं. सुट्टीतल्या पळण्याचा याहून सुंदर नमुना माझ्या माहितीत नाही. मला त्या गोष्टीतलं भावाचं अर्धी विजारवालं प्रकरण मात्र जास्त जवळचं वाटतं. आपल्याकडे नसलेली वस्तू माहेरच्या कपाटातून काढायची, ही कला जगभर सारखीच दिसते.

बायकांच्या पळण्यातला सगळ्यात मोठा शोध बूट नव्हे, आतले कपडे आहेत (हे लिहिताना मी जरा इकडे तिकडे बघून घेतलं). १९७७ साली व्हर्माँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा पट्टे एकमेकांना शिवून पहिली खेळाची ब्रा केली. १९७७! तोपर्यंत माणूस चंद्रावर जाऊन आला होता. आणि पहिली महिलांची ऑलिंपिक मॅरेथॉन व्हायला १९८४ उजाडलं.

आपल्याकडे १९५२ ला हेलसिंकीला नीलिमा घोष आणि वांद्र्याच्या मेरी डिसूझा या पहिल्या भारतीय महिला धावपटू गेल्या. मेरीच्या प्रवासाचे पैसे सरकारकडे नव्हते, तेव्हा मित्रमंडळींनी जमवाजमव करून तिला पाठवलं. या कथांमध्ये एक गोष्ट परत परत येते : पळणाऱ्याची ट्रंक दुसरेच कोणीतरी भरून देतात. कधी टाटा, कधी वांद्र्याचे शेजारीपाजारी.

आणि ज्यांची कोणीच भरून देत नाही त्यांचं काय? बारामतीच्या लता करे. साठी उलटलेली बाई, मजुरी करणारी, नवरा आजारी, तपासणीला पैसे नाहीत. मॅरेथॉनमध्ये बक्षीस आहे असं कळलं आणि त्या नऊवारी नेसून ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उभ्या राहिल्या. चप्पल टिकली नाही, अनवाणी पळाल्या, पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा आला, 'लता भगवान करे' याच नावाचा, आणि त्यात त्यांचं काम त्यांनी स्वतःच केलं. मी तो बघितला तेव्हा पदर खोचण्याची ती पद्धत बघत होते. माझी आजी कपाशीत शिरताना असाच खोचायची. कासोटा घातलेल्या नऊवारीत बाई वाकते, चढते, विहिरीत उतरते, मग पळू का शकणार नाही? पळण्याला आडवी आली ती पाचवारी, आणि तिला सभ्य म्हणणारे आपण.

बरं, कपडे झाले. तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो बॅगेत भरता येत नाही. पळायचं कशासाठी?

पहिल्या वर्षी भडगावला पहाटे पळत निघाले तर एक ओळखीचे काका दुधाची किटली घेऊन समोरून आले. मला बघून थांबले, मागे वळून बघितलं की कोणी पाठलाग करतंय का, आणि विचारलं, "काबर पयस वं बाई? काय व्हयनं?" का पळतेस, काय झालं? म्हणजे पळायला काहीतरी व्हावं लागतं. आग लागावी, बैल सुटावा, गाडी चुकावी.

याला जुनाट म्हणून हसण्यात अर्थ नाही. आमच्या भागात पळण्याला नेहमीच कारण होतं. रेल्वे १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला चाळीसगाव-पाचोऱ्यावरून जळगावकडे गेली, त्याआधी (आणि आतल्या गावांना त्यानंतरही बरीच वर्षं) टपाल पळत जायचं. हरकारा पाठीवर थैली घेई, हातात घुंगरू लावलेली काठी किंवा भाला. घुंगरू शोभेला नव्हते, जनावर बाजूला व्हावं आणि पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने तयार राहावं म्हणून. ठराविक मैलांवर थैली दुसऱ्याच्या पाठीवर. त्या माणसाचं सगळं सामान दुसऱ्यांचं होतं. स्वतःचं म्हणावं असं बहुधा भाकरीचं फडकं.

आजही नवरात्राच्या आधी खानदेशातल्या गावागावातली पोरं वणीला सप्तशृंगीच्या गडावर जातात आणि तिथून ज्योत पेटवून पळत गावाला आणतात. शंभराहून अधिक किलोमीटर, आळीपाळीने, रात्रंदिवस. मागे टेम्पो, त्यात तेल, चिंध्या, केळी, आणि मोठ्ठा स्पीकर. घटस्थापनेच्या सकाळी ज्योत वेशीवर येते तेव्हा आयाबाया पळणाऱ्यांच्या पायावर पाणी घालतात. यातल्या कोणाला "का पळतोस" असं कोणी विचारत नाही. माझ्या मते अख्ख्या महाराष्ट्रातली ही सगळ्यात उत्तम आखलेली लांब पल्ल्याची पळापळ असेल, आणि तिला कोणी मॅरेथॉन म्हणत नाही हेच बरं आहे.

बिनकारणाचं पळणं ही फार अलीकडची गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाच्या प्रशिक्षकाने मध्यमवयीन, हृदयविकार झालेल्या माणसांना हळूहळू पळवायला सुरुवात केली. अमेरिकेचे बिल बॉवरमन १९६२ च्या सुमारास तिकडे गेले, तिथल्या एका म्हाताऱ्याने त्यांना टेकडीवर मागे टाकलं, आणि ते ही कल्पना घरी घेऊन आले. 'जॉगिंग' नावाचं त्यांचं पुस्तक लाखोंनी खपलं. म्हणजे तिथेही कारण होतंच, औषध हे कारण.

मग १९७७ ला जिम फिक्स यांचं धावण्यावरचं पुस्तक आलं आणि अमेरिका रस्त्यावर आली. फिक्स यांच्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण सुट्टी आणि पळणं म्हटलं की ते येतातच. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मुलाने पस्तिशीत सिगारेट सोडली, वजन उतरवलं, पळायला लागला. जुलै १९८४ मध्ये बावन्न वर्षांचे फिक्स सुट्टीसाठी व्हर्माँटला गेले (हो, पुन्हा व्हर्माँटच), पळायला बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेला कोसळून गेले. हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या निघाल्या. लोकांनी हसून घेतलं : बघा, पळून काय मिळालं? मी त्यांची गोष्ट वेगळी वाचते. वडील त्रेचाळीसला गेले, मुलगा बावन्नला. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांतली किती पळण्याची आणि किती नशिबाची, हे कोणी सांगू शकत नाही. पण धावपटूने डॉक्टरकडे जायचं नसतं असा समज त्या काळी होता, तो त्यांच्या मृत्यूने मोडला.

म्हणून माझी तयारी बूट भरायच्या आधी पंधरा दिवस सुरू होते. रक्त तपासणी, रक्तदाब, डॉक्टरांशी दोन शब्द. नवीन जागी पहिले दोन दिवस निम्मंच अंतर. खिशात साखरेच्या गोळ्या, कारण पळताना साखर एकदम उतरू शकते आणि चक्कर येते. (वहिनी म्हणते, साखरेच्या पेशंटच्या खिशात साखर, हा कुठला न्याय?) एक बॅटरी, कारण पहाट काळोखी. कुत्र्यांसाठी एक काठी, ती तिथेच मिळते. आणि चिवडा-शेव-अनारसे यांच्यासाठी... त्यांच्यासाठी काहीच तयारी चालत नाही. आई ताट समोर ठेवते आणि बघत बसते. ज्या घरात साखरेने एक माणूस गेलं त्या घरात सुद्धा पाहुण्याला साखर कमी वाढणं म्हणजे प्रेम कमी वाढणं. आईशी या विषयावर वाद घालणं मी सोडलंय. एक अनारसा खाते आणि सकाळी पुलापर्यंत जाऊन येते.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. "लोके काय म्हनतीन?" हा तिचा पहिला प्रश्न. लोकांना उत्तर द्यायला मी तिला एक कारण द्यावं अशी तिची साधी अपेक्षा होती. "डॉक्टरनी सांगितलंय" हे कारण तिला चालेना, कारण मग लोक विचारणार, काय झालंय? मुलीला बापाचाच आजार आहे हे तिला गल्लीत सांगायचं नव्हतं. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. ज्या बाईने तीन वर्षं नवऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग केलं, तिला तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नसेल.

कारण मिळालं ते दुसरीकडूनच.

गिरणेच्या पुलाकडच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला मी एकटी नसते. भरतीची पोरं असतात. सैन्य भरती, पोलीस भरती. तालुक्याच्या कुठल्याही गावात पहाटे बाहेर पडा, ही पोरं दिसणारच, जुन्या बनियनवर, कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नुसते मोजे. आणि आता मुली असतात. राज्याचं पहिलं महिला धोरण १९९४ ला आलं, त्यात सरकारी नोकरीत बायकांना तीस टक्के जागा ठरल्या, त्याचं फळ मला भडगावच्या रस्त्यावर असं पळताना दिसलं. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. या मुली ओढणी कमरेला आवळून, केस घट्ट बांधून पळतात, आणि त्यांच्याकडे कोणी मागे वळून बघत नाही. त्यांना कारण आहे.

मागच्या दिवाळीत दोघी जणी माझ्या बरोबरीने आल्या. माझा वेग म्हणजे त्यांची विश्रांती. थोडा वेळ मुकाट्याने पळाल्या, मग एकीने विचारलं, "काकू, तुमची कोणती भरती?"

मला हसू आवरेना, पळता पळता थांबावंच लागलं. म्हटलं, "माझं वय बघितलंस का?"

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं होमगार्ड वगैरे असेल."

मग मी तिला खरं सांगितलं. साखर आहे, वडिलांना होती, पाय गेला, म्हणून. भडगावमध्ये हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. ती म्हणाली, "माझ्या आजीला पण आहे," आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला, की तुमच्या घड्याळात सेकंद कळतात का. मोबाइल घरी एकच, तो भाऊ शेतात घेऊन जातो. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत यायला पाहिजे, पण आपण किती मिनिटांत येतो हेच नीट माहीत नाही, मनातल्या मनात आकडे मोजतो. शंभर मीटरला एक-दोन मिनिटं म्हणणारे ते १९२० चे लोक मला आठवले. यांच्या घरात मोबाइल आला होता, पण सेकंद अजून यांच्या हाती लागला नव्हता.

पुलापासून रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडापर्यंत एक किलोमीटर धरून, दोनशे मीटर आधी विटेने खूण केली. पहिल्या दिवशी एकीला ३ मिनिटं २४ सेकंद लागली, दुसरीला ३ मिनिटं ११. भाऊबीजेपर्यंत रोज सकाळी मी दगडापाशी बॅटरी घेऊन उभी आणि त्या अंधारातून पळत येताहेत. दुसरी शेवटच्या दिवशी २ मिनिटं ५८ ला आली.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू त्यांना शिकवायला जाते का पहाटे?" आणि मी काही बोलायच्या आत शेजारच्या काकूंना हाक मारून तिने ते सांगूनही टाकलं. तेव्हापासून गल्लीत माझं पळणं सुरळीत आहे. निघताना घड्याळ मी त्या मुलींकडे ठेवून आले. या वर्षी बॅगेत बूट भरले तेव्हा त्यांच्या शेजारी दोन जोड मोजे जास्तीचे ठेवलेत, आणि घड्याळाचा एक सेल.